आधी समोरचा माणूस, मग रेडिओ : खिशाला परवडणारा सीबी किंवा हॅम सेट कसा निवडायचा

‘चार-पाच हजारांत बरा रेडिओ सेट कोणता?’ हौशी रेडिओवाल्यांना हा प्रश्न सतत विचारला जातो आणि बरेच जण एखाद्या मॉडेलचं नाव सांगून मोकळे होतात. विचारणारा तो सेट घेतो, चार्ज करतो, बटण दाबून ‘हॅलो, हॅलो’ म्हणतो. पलीकडून नुसती खरखर. महिन्याभरात सेट कपाटात जातो. सेटमध्ये खोट नसते. त्या लहरीवर, त्या गावात, त्या वेळेला ऐकणारं दुसरं कोणी नसतं, एवढंच.

मोबाइल घेताना ही अडचण येत नाही, कारण मधलं सगळं काम कंपनीचे टॉवर करतात. सीबी (सगळ्यांना मोकळी असलेली पट्टी) आणि हॅम (परवाना घेऊन चालवायचा हौशी रेडिओ) यांत मधे सहसा कोणी नसतं. तुमच्या अँटेनातून निघालेली लहर थेट दुसऱ्याच्या अँटेनापर्यंत पोचली पाहिजे, आणि तो दुसरा त्याच लहरीवर बसलेला पाहिजे. म्हणून मॉडेलच्या आधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात : बोलायचं कोणाशी, तो किती लांब आहे आणि त्या लहरीवर बोलायची आपल्याला परवानगी आहे का. या तिन्हींची उत्तरं मिळाली की निम्मी मॉडेलं आपोआप गळून पडतात.

सीबी : परवाना नको, पण माणसं कुठे आहेत?

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, २७ मेगाहर्ट्झच्या आसपासची, सामान्य लोकांसाठी मोकळी ठेवलेली लहरींची पट्टी. अमेरिकेत ती १९५८ साली आजच्या जागी आली. तेलटंचाईच्या काळात तिथे महामार्गांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा लागली आणि ट्रकचालकांनी एकमेकांना डिझेल कुठे मिळतंय, पोलीस कुठे उभे आहेत हे सांगण्यासाठी सीबी उचलून धरला. गर्दी इतकी झाली की १९७७ मध्ये २३ चॅनलांची ४० करावी लागली. आजही तिथले ट्रकवाले १९ नंबरच्या चॅनलवर सापडतात.

भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्टीत पाच वॅटपर्यंतच्या सेटला परवाना लागत नाही. आता एक बारीक गोष्ट, जी विक्रेता सांगत नाही. अमेरिकी पद्धतीच्या ४० चॅनलांपैकी सत्ताविसावं चॅनल २७.२७५ वर येतं आणि अठ्ठाविसावं २७.२८५ वर. म्हणजे आपल्या मर्यादेत पहिली सत्तावीसच बसतात. बाहेरून आणलेल्या सेटवर पुढची तेरा दिसतात, चालतातही, पण ती आपल्यासाठी नाहीत. शिवाय ‘परवाना नको’ याचा अर्थ ‘वाटेल तो सेट चालेल’ असा नाही. त्या मॉडेलला दूरसंचार खात्याची इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल, म्हणजे ईटीए, असावी लागते. विकत घेण्याआधी तो क्रमांक मागावा. दुकानदार तोंड वेडंवाकडं करू लागला तर समजून जावं.

माझं स्पष्ट मत विचाराल तर महाराष्ट्रात अनोळखी माणसांशी गप्पा मारायला म्हणून सीबी घेऊ नये. पट्टी कायदेशीर आहे, स्वस्त आहे आणि जवळपास रिकामी आहे. आपल्या ट्रकवाल्यांनी ती कधी उचललीच नाही, आणि त्यांच्या हातात काही आलं ते थेट मोबाइल. सीबीला अर्थ येतो तो दोन्ही टोकं तुमच्या ओळखीची असतील तेव्हा : मळ्यातलं घर आणि गावातलं घर, किंवा एकत्र निघालेल्या तीन-चार गाड्या. म्हणजे सेट जोडीनेच घ्यायचा. गाडीवर नीट अँटेना असेल तर पाच ते दहा किलोमीटर धरून चालावं. उघड्या माळावर जास्त, इमारतींच्या गर्दीत कमी.

सीबीत पैसे वाचवायचे असतील तर हातातला सेट टाळा. कारण साधं आहे. लहरीची लांबी मीटरमध्ये काढायची असेल तर ३०० ला मेगाहर्ट्झने भागायचं. २७ ने भागलं तर अकरा मीटर येतात. चांगल्या अँटेनाला यातला किमान पाव भाग, म्हणजे पावणेतीन मीटर लांबी हवी. हातातल्या सेटला वीतभर रबरी दांडी लावतात, त्यात बहुतेक शक्ती उष्णता होऊन जाते. त्यापेक्षा युनिडेनचा प्रो ५०५ किंवा ५१०, नाहीतर प्रेसिडेंटचा बिल असा गाडीत बसणारा छोटा सेट घ्यावा आणि उरलेले पैसे छतावर लावायच्या लांब दांडीत घालावेत. घरासाठीही तोच सेट बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो.

काही महाग सीबी सेटवर ‘एसएसबी’ लिहिलेलं असतं. ते काय? साध्या एएम प्रक्षेपणात बरीच शक्ती आवाज न वाहणाऱ्या मूळ लहरीवर खर्च होते आणि आवाजाची तीच माहिती तिच्या दोन्ही बाजूंना दोनदा जाते. एसएसबीमध्ये मूळ लहर आणि एक बाजू कापून टाकतात, उरलेल्या एका बाजूवर सगळा जोर लावतात. त्यामुळे तेवढ्याच शक्तीत आवाज लांब जातो, पण ट्युनिंग जरा चुकलं तरी बोलणं नाकातून आल्यासारखं वाटतं. ओळखीच्या दोन टोकांसाठी एएम पुरे.

ट्रेकवाल्यांसाठी इथेच एक आडवाट. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्टीतले कमी शक्तीचे वॉकीटॉकी परवान्याविना वापरता येतात, ईटीए मात्र त्यांनाही हवी. अँटेना छोटी, वजन कमी, सेट खिशात मावतो. रतनगडावर पुढची आणि मागची तुकडी एकमेकांना बोलू शकावी, एवढंच हवं असेल तर सीबी नको आणि हॅमही नको; हे घ्या. डोंगराची सोंड आडवी आली की ते गप्प होतात, हे धरून चालायचं.

हॅम : परवाना हवा, पण माणसं आहेत

हॅम रेडिओ, म्हणजे हौशी रेडिओ, हा वेगळाच प्रकार आहे. इथे तुम्हाला एक चॅनल मिळत नाही, लहरींचे अनेक पट्टे मिळतात. सेट स्वतः बांधायला मुभा असते. बदल्यात परीक्षा द्यावी लागते.

परीक्षेचं नाव अ‍ॅमॅच्युअर स्टेशन ऑपरेटर्स सर्टिफिकेट. ती घेते दूरसंचार खात्याची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंग, जिला सगळे डब्ल्यूपीसी म्हणतात. अर्ज सरल संचार या सरकारी पोर्टलवर करायचा. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही बसता येतं. श्रेणी दोन : रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला मोर्स कोड लागत नाही, शक्तीची मर्यादा ५० वॅट. पेपरात थोडं विजेचं आणि रेडिओचं शास्त्र, थोडे नियम. दहावीचं विज्ञान आठवत असेल त्याला जड जाऊ नये. पास झाल्यावर जे नाव मिळतं ते कॉलसाइन : रिस्ट्रिक्टेडवाल्यांचं व्हीयू३ ने सुरू होतं, जनरलवाल्यांचं व्हीयू२ ने. राजीव गांधींचं कॉलसाइन व्हीयू२आरजी होतं.

सेट मात्र परवान्याच्या आधी घेऊ नका. भारतात १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून बिनतारी यंत्र परवान्याशिवाय नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा आहे. ‘मी बोलत नव्हतो, फक्त ऐकत होतो’ हा बचाव चालत नाही. ऑनलाइन दुकानांत अशा वॉकीटॉकींची खैरात चालली होती. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या : लहरींची पट्टी, परवान्याची गरज, ईटीए हे सगळं जाहिरातीत लिहिलं पाहिजे. तेव्हा ‘कार्टमध्ये टाकता येतंय म्हणजे कायदेशीर असेल’ हा हिशेब चुकीचा आहे.

परीक्षेची वाट पाहताना फुकटात कान तयार करता येतात. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर नावाचा रिसीव्हर ब्राउझरमधून कोणालाही चालवता येतो. तो एकाच स्टेशनवर अडकलेला नाही; अगदी खालच्या लहरींपासून २९ मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही जा. रात्री सात मेगाहर्ट्झवर युरोपातले हॅम एकमेकांना कसे हाका मारतात, आवाज कसा चढतो-उतरतो, हे ऐकलं की आपल्याला या छंदातलं नेमकं काय आवडतंय ते कळतं. काहींना गप्पा आवडतात, काहींना सोल्डरिंग. दोघांचे सेट वेगळे.

किती लांब? यावर पट्टा ठरतो

हॅममधल्या नवशिक्यासमोर दोन रस्ते असतात. एक व्हीएचएफ-यूएचएफचा, म्हणजे वरच्या लहरींचा : भारतात १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. दुसरा एचएफचा, म्हणजे खालच्या लहरींचा, ज्यात आपल्याकडचा सगळ्यात गजबजलेला पट्टा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ. त्याला ४० मीटर बँड म्हणतात.

व्हीएचएफची लहर साधारण सरळ जाते. पृथ्वी गोल आहे, म्हणून क्षितिजापलीकडे ती वरून निघून जाते. अंदाजाचं एक सूत्र आहे : उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ४.१ ने गुणा, किलोमीटर मिळतात. जमिनीवर उभं राहून हातातला सेट दीड मीटरवर धरला तर पाच किलोमीटर. आता सिंहगड घ्या. समुद्रसपाटीपासून १३१२ मीटर, पुणं साधारण ५६०. म्हणजे शहराच्या वर साडेसातशे मीटर. वर्गमूळ सत्तावीस, गुणाकार एकशे दहाच्या पुढे. तोच सेट, तीच बॅटरी, वॅट तेवढेच, आणि पल्ला वीसपट. सह्याद्रीत राहणाऱ्या हॅमला ही चैन फुकट मिळालेली आहे. उंच जागी रिपीटर बसवतात तो यासाठीच. रिपीटर एका लहरीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर मोठ्याने तेच बोलतो. आपल्या शहराला चालू रिपीटर आहे का, हे तिथल्या हॅमना विचारणं ही खरेदीतली सगळ्यात मोलाची चौकशी. असेल तर हातातला स्वस्त सेटही रोज वापरला जाईल. नसेल तर तो ट्रेकपुरता आणि हौशी उपग्रहांमार्फत बोलण्यापुरता उरेल.

एचएफचं वेगळं आहे. तीन ते तीस मेगाहर्ट्झच्या लहरी आकाशात वर जातात, शंभर ते चारशे किलोमीटरवर सूर्यप्रकाशाने विद्युतभारित झालेल्या हवेच्या थरांवरून वाकून परत येतात. दिवसा सात मेगाहर्ट्झवर नाशिकहून कोल्हापूर, नागपूर, हैदराबाद गाठता येतं. रात्री पल्ला वाढतो आणि परदेश सुरू होतो. मधे टॉवर नाही, उपग्रह नाही, बिल नाही. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या, वेगळ्याच कामासाठी नेलेले एचएफ सेट घेऊन. फोन बंद पडले आणि त्या सेटवरून मुख्य भूमीशी निरोप सुरू झाले.

हातातला सेट

इथे बाओफेंग यूव्ही-५आर टाळून पुढे जाताच येत नाही. २०१२ च्या सुमारास आलेला हा चिनी सेट अमेरिकेत पंचवीस-तीस डॉलरला मिळतो आणि त्याने हॅममध्ये शिरण्याची किंमतच बदलून टाकली. व्हीएचएफ आणि यूएचएफ दोन्ही, चार वॅट, १२८ मेमरी, रिपीटरला जागं करणारे टोन (ठरावीक स्वर), सगळं आहे. मग तक्रार काय? दोन तक्रारी खऱ्या आहेत. एक, याचा रिसीव्हर एका चिपवर आहे आणि जवळ जोरदार ट्रान्समीटर असला की तो बधिर होतो. छोट्या अँटेनावर बरं ऐकू येणारा सेट गच्चीवरच्या मोठ्या अँटेनाला जोडला की उलट कमी ऐकू येतं. दुसरी, काही नग मुख्य लहरीबरोबर तिच्या दुप्पट-तिप्पट लहरींवरही नको तेवढी गळती करतात. अमेरिकेतल्या एआरआरएल या हॅमच्या संघटनेच्या प्रयोगशाळेने असे स्वस्त सेट तपासून ही गळती मोजलेली आहे.

तिसरी गोष्ट तक्रार नाही, धोका आहे. सेट १३६ ते १७४ पर्यंत कुठेही बोलतो, आपला पट्टा मात्र १४४ ते १४६ एवढाच. बाकीची जागा पोलीस, जहाजं आणि इतर सेवांची. सेट आला की पहिल्याच दिवशी संगणकाला जोडून चर्प नावाच्या फुकट प्रोग्रॅमने आपल्या लहरी मेमरीत भराव्यात आणि आकडे दाबून लहर बदलण्याची सवयच लावून घेऊ नये. यासाठीची केबल सेटबरोबरच मागवा. स्वस्तातली केबल संगणकाने ओळखली नाही म्हणून डोकं आपटणारे पुष्कळ आहेत.

त्याच किमतीत क्वानशेंगचा यूव्ही-के५ मिळतो. त्याचं अंतर्गत सॉफ्टवेअर लोकांनी फोडून नव्याने लिहिलं आहे. खटपट आवडणाऱ्याने तोच घ्यावा. विमानांच्या पट्ट्यातलं एएम ऐकण्याची सोयही त्यात आहे. ते ऐकायचं का, हे मात्र आपल्या परवान्यात काय लिहिलंय त्यावर. आणि ज्याला एकदाच घेऊन दहा वर्षं विसरून जायचं आहे त्याने थोडं थांबून याएसूचा एफटी-६५आर पाहावा. तिप्पट-चौपट किंमत, पण भिजला-पडला तरी तगतो आणि गर्दीच्या शहरात कान साबूत ठेवतो. मुंबईत मी हाच सुचवेन. अकोल्यात बाओफेंग पुरेल.

वॅटच्या आकड्यावर मात्र जादा पैसे देऊ नका. ‘८ वॅट’, ‘१० वॅट’ अशी पाटी लावलेले सेट येतात. पाचाचे आठ वॅट झाले तर पलीकडच्याच्या मीटरवर काटा जेमतेम एक तृतीयांश घर सरकतो. कानाला फरक कळत नाही, बॅटरीला कळतो. तेवढ्याच पैशांत बरी अँटेना येते. एक बारकावा : बाओफेंगच्या सेटवर एसएमए जोडाचा (अँटेना जिथे फिरवून बसवतात तो) सुईवाला भाग असतो आणि याएसूवर भोकवाला. एकाची अँटेना दुसऱ्याला बसत नाही.

पैसे घालायचेच तर तारेत

सेटपेक्षा अँटेना आणि केबलवर खर्च करा, असं प्रत्येक जुना हॅम सांगतो. का, ते आकड्यांत पाहू. १४५ मेगाहर्ट्झला पाव लहर म्हणजे जवळपास ५२ सेंटीमीटर; प्रत्यक्ष तार थोडी आखूड, ४९ च्या आसपास लागते. एक उभी तार, खाली तिरप्या चार तारा, मधे एक सॉकेट : ग्राउंड प्लेन अँटेना तयार. पितळी सळ्या नाहीतर जाड तांब्याची तार, सगळं भंगाराच्या दुकानात मिळतं. ती गच्चीत पाइपावर चढवली तर हातातल्या रबरी दांडीच्या मानाने इतका फरक पडतो की लोकांना सेट बदलल्यासारखं वाटतं.

आता गच्चीतून खोलीपर्यंतची केबल. बाजारात आरजी-५८ ही बारीक काळी केबल सर्रास देतात. १४५ मेगाहर्ट्झवर तिच्या पंधरा मीटर लांबीत निम्मी शक्ती गायब होते. ४३५ वर गेलात तर पाऊण भागाच्या आसपास. म्हणजे पाच वॅटचा सेट आणि गच्चीवर पोचले सव्वा-दीड वॅट. ऐकतानाही तेवढंच नुकसान. तीच आरजी-५८ सात मेगाहर्ट्झवर निवांत चालते, कारण तिथे तेवढ्याच लांबीत दहा-पंधरा टक्केच जातात. केबल चांगली की वाईट हे लहर विचारल्याशिवाय सांगता येत नाही ते यामुळे.

गरिबाचा उपाय डिश टीव्हीवाल्याकडे आहे. आरजी-६ ही टीव्हीची केबल ७५ ओमची असते आणि रेडिओ मागतो ५० ओम. पण या विजोडपणाने एसडब्ल्यूआर दीडच्या आसपास येतो, तो बहुतेक सेट सहज सोसतात, आणि व्हीएचएफवरची तिची गळती आरजी-५८ च्या निम्म्याहून कमी. तिची जाळी अ‍ॅल्युमिनियमची असल्याने सोल्डर धरत नाही; दाबून बसवायचे जोडच वापरायचे. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाने किती शक्ती घेतली आणि किती नाकारून सेटकडे परत पाठवली याचं माप. एक म्हणजे उत्तम, दोनपर्यंत ठीक, तीनच्या पुढे सेटचा शेवटचा, अँटेनाकडे शक्ती पाठवणारा ट्रान्झिस्टर धोक्यात. ते मोजायला नॅनोव्हीएनए नावाचं तळहाताएवढं यंत्र मिळतं. महाग वाटलं तर चार मित्रांत एक घ्या, रोज लागत नाही.

जून आला की केबलच्या टोकातून पाणी शिरतं आणि जाळीतून थेट खाली झिरपतं. वरून काही दिसत नाही, एसडब्ल्यूआर मात्र बिघडतो. स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप वरच्या जोडाला गुंडाळा, आणि केबल आत घेण्याआधी तिला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून गळून जाईल. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने अ‍ॅल्युमिनियमचे जोड पांढरे पडतात. तिथे दर दिवाळीला उघडून घासावे लागतात. विजांच्या दिवसांत सेटची केबल काढून खिडकीबाहेर टाकायची. लाइटनिंग अरेस्टर लावला असला तरी.

एचएफ थोडक्या पैशात

इथे भारतीयांना एक अभिमानाची जागा आहे. हैदराबादचे अशहर फरहान, कॉलसाइन व्हीयू२ईएसई, यांनी २००३ च्या सुमारास बिटएक्स नावाचा एसएसबी सेट आखला, तोही इथल्या बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून बांधता येईल असा. त्यातली युक्ती सुरेख आहे : तेच अँप्लिफायर बोलताना एका दिशेने आणि ऐकताना उलट दिशेने चालतात, त्यामुळे निम्मे भाग वाचतात. पुढे त्याचाच सगळ्या एचएफ पट्ट्यांवर चालणारा, दहा वॅटच्या आसपासचा मायक्रोबिटएक्स आला आणि जगभर गेला. सुरुवातीच्या आवृत्त्यांत नको त्या लहरींची गळती होती, पुढच्या आवृत्त्यांत ती आवरली. जुना नग मिळत असेल तर आवृत्ती विचारून घ्या. तो जोडलेला बोर्ड म्हणून येतो; पेटीत बसवणं, मायक्रोफोन लावणं हे काम तुमचं. सोल्डरिंग आयर्न हातात धरायची भीती असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

तयार सेट हवा तर झिएगू जी९० हे नाव येतं. वीस वॅट, आणि अँटेना जुळवून घेणारा ट्यूनर आतच. परदेशात साडेचारशे डॉलरच्या आसपास. त्याहून चांगला सौदा बरेचदा जुन्या शंभर वॅटच्या जपानी सेटमध्ये असतो, उदाहरणार्थ आयकॉम आयसी-७१८. रिस्ट्रिक्टेड परवान्यावर शक्ती ५० वॅटवर आणून ठेवायची. पण शंभर वॅटच्या सेटला बोलताना १३.८ व्होल्टवर वीस अँपिअर लागतात. एवढा पॉवर सप्लाय वेगळा घ्यावा लागतो आणि स्वस्त स्विचिंग सप्लाय स्वतःच एचएफवर गोंगाट करतो. वीस वॅटच्या सेटला यातलं फारसं काही लागत नाही, लहानशी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी संध्याकाळभर पुरते.

अँटेना तर जवळजवळ फुकट. ७.१ मेगाहर्ट्झसाठी घरातल्या वायरिंगची तांब्याची तार दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर, मधोमध केबल. डायपोल म्हणतात त्याला. मधला भाग बांबूने उंच आणि टोकं खाली बांधली तरी चालते. टोकांना हात लागणार नाही इतकी उंची मात्र ठेवा, बोलताना तिथे चटका बसतो. खरी अडचण तारेची नाही, सोसायटीच्या सेक्रेटरींची आहे. त्यांना परवाना दाखवावा आणि अँटेना नको असेल तेव्हा उतरवता येते, हे सांगावं.

दुसरी अडचण गोंगाटाची. एलईडी दिवे, चार्जर, सोलर इन्व्हर्टर, लिफ्ट हे सगळे एचएफवर खरखर सोडतात. दादरच्या फ्लॅटमध्ये शंभर वॅटचा सेट असूनही समोरचा ऐकू येत नाही आणि जुन्नरच्या मळ्यात दहा वॅटचा बिटएक्स सुखाने बोलतो. गावी घर असेल तर सेट तिथे ठेवा, हा सल्ला मी गंभीरपणे देतो. गोंगाटातच राहायचं असेल तर एफटी८ पाहावं. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँक यांनी २०१७ मध्ये बनवलेली ही डिजिटल पद्धत कानाला ऐकूही न येणारा संदेश संगणकाने उलगडते. पाच वॅट आणि खिडकीबाहेरची तार एवढ्यावर इतर खंडांतली स्टेशनं लागतात. त्यात गप्पा नसतात, फक्त कॉलसाइन, जागा आणि सिग्नलचा आकडा. आपल्या श्रेणीत अशा प्रक्षेपणाची मुभा आहे का, ते परवान्यावर आधी बघून घ्यावं.

परदेशातल्या मराठी वाचकांचं गणित निराळं. अमेरिकेत सीबीला परवाना लागत नाही, चाळीसही चॅनल मोकळी आणि ट्रकवाले अजून बोलतात. न्यू जर्सीहून लांब गाडी चालवणाऱ्याने छोटा युनिडेन बिनधास्त घ्यावा. हॅमची पहिली पायरी टेक्निशियन : ३५ प्रश्न, २६ बरोबर आले की पास, फी ३५ डॉलर, नागरिकत्वाची अट नाही, फक्त तिथला टपाल पत्ता हवा. पण तिथला सेट सुटीत बॅगेत घालून मुंबईच्या विमानतळावर उतरू नका. इथला परवाना नसेल तर तो कस्टममध्येच राहील.

जुना सेट घेताना

परवाना हातात आल्यावर जुना सेट हीच सगळ्यात किफायतशीर खरेदी. विकणाऱ्याचं कॉलसाइन आणि परवाना आधी विचारा. तो नसलेल्याकडून घेतलेल्या सेटचे कागद पुढे तुमच्या नावावर होताना नाकी नऊ येतात. सेट चालू करून किमान अर्धा तास तसाच ठेवा आणि लहर सरकते का पाहा. प्रत्येक पट्ट्यावर डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी लावायचा ५० ओमचा रेझिस्टर, जोडून बोलून बघा. वॅटमीटर सगळीकडे जवळपास सारखाच दिसला पाहिजे. पडद्याचा उजेड, मायक्रोफोनचं बटण आणि आवाजाची कळ यांत खोट असेल तर ती किरकोळ दुरुस्ती आहे, भाव पाडून घ्या. शक्ती एकाच पट्ट्यावर कमी असेल तर बहुधा फिल्टर किंवा रिले, तेही जमतं. सगळ्याच पट्ट्यांवर शक्ती नाही म्हणजे शेवटचे ट्रान्झिस्टर गेलेले. त्या मॉडेलचे ते ट्रान्झिस्टर अजून बनतात का, हे सेट हातात असतानाच मोबाइलवर शोधा. बनत नसतील तर तो सेट फक्त ऐकण्याच्या किमतीला घ्यायचा.